घंटेच्या वेळचे हात

मुंबई, ३ ऑक्टोबर १९३७

माझ्या लाडक्या, हट्टी मामा,

पाकीट जाड दिसतंय म्हणून मामीला वाटेल, पोरीनं परस्पर लग्न ठरवलं. तसं काही नाही. आत एक छापील कागद आहे आणि तो तुझ्यासाठी आहे. आधी पत्र वाच, मग कागद, आणि त्या कागदात बोंबील बांधून कोणाला देऊ नकोस.

डॉक्टरीची परीक्षा झाल्यापासून मी कॉलेजातच प्रोफेसर दातारांच्या हाताखाली संशोधन करते, हे तुला ठाऊक आहे. काय करते ते मात्र तू कधी विचारलं नाहीस. गावात कोणी विचारलं तर 'बेडकं कापते' म्हणून सांगतोस, हेही मला कळलंय. तर ऐक. पाण्यात बुडालेल्या माणसाचा श्वास बंद पडला तरी तो लगेच मेलेला नसतो. त्याला पालथा घालायचा, तोंड एका बाजूला वळवायचं, त्याच्या दोन्ही अंगांना गुडघे टेकून बसायचं, आणि शेवटच्या बरगड्यांवर हात ठेवून सावकाश पुढे झुकायचं. मग मागे यायचं. झुकलं की छातीतली हवा बाहेर, मागे आलं की हवा आत. त्याचा स्वतःचा श्वास सुरू होईपर्यंत दुसऱ्या कोणीतरी त्याच्यासाठी तो चालवायचा. आम्ही कॉलेजात हे नीट मापून पाहिलंय. हवा खरंच आत जाते.

अडचण एवढीच की कॉलेजात समुद्र नाही. दातारसाहेबांनी ही कृती छापलेला हा कागद किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांना धाडला, पण एकही माणूस परत आल्याची बातमी नाही. कागद चुकलाय की वाळूवर काही वेगळंच घडतं, ते त्यांना कळत नाही. त्यांचं म्हणणं, गावातले लोक नीट करत नसतील. मी म्हटलं, माझ्या गावातले करतील. आता माझी लाज तुझ्या हातात आहे.

आईबाबा गेल्यावर तू आणि मामीनं मला वाढवलं. उत्तनच्या वाळूवर शिडाखाली झाकून ठेवलेली माणसं मी लहानपणी पाहिलीत, आणि दर वेळी मामीनं मला हाताला धरून घरात नेलंय. मला एकदा तरी त्या वाळूवरून उठून स्वतःच्या पायांनी घरी गेलेला माणूस पाहायचाय. तू रोज दर्यावर जातोस, मामा. हे सगळं मी कोणाच्या काळजीनं करते, ते वेगळं सांगायला नको.

चार जण जमव. शिकव. आणि जे घडेल ते जसंच्या तसं लिही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हात थांबता कामा नयेत. एक दमला तर दुसऱ्यानं त्याच चालीत पुढे चालवायचं.

चर्चच्या सांजेच्या घंटेची प्रार्थना झाली की लहानांनी थोरांपुढे वाकून आशीर्वाद मागायचा, ही तुझी शिस्त मी इथेही मोडलेली नाही. फक्त पुढे थोर कोणी नसतं, म्हणून भिंतीपुढे वाकते. तू पत्रातून पाठवत जा.

तुझी ब्रिजीत


उत्तन, १७ ऑक्टोबर १९३७

आमच्या डॉक्टरीणबाईंना,

कागद वाचला, पुन्हा वाचला, मग बॉस्कोला वाचून दाखवला. तो म्हणाला, मामा, यात उलटं टांगायचं कुठेच न्हाय. खरंच की. आजवर आम्ही बुडालेल्याला पायांना धरून उलटा करत आलो, नाहीतर पिंपावर लोळवत आलो. पोटातलं पाणी काढायचं आणि पुढचं देवावर सोडायचं. तू म्हणतेस पोट राहू दे, छाती बघ. बरं, बघतो. तुला बाराखडी मी शिकवली तेव्हा तू काय कमी प्रश्न विचारलेस? आता माझी पाळी.

माणसं जमवली. माझ्या होडीवरचे बॉस्को आणि रघू, आणि शेजारचा पास्कू. रघूला तू ओळखतेस, चौक गावचा. आपण गणपतीला त्याच्याकडे जातो तसा तो नाताळात आपल्याकडे येतो आणि दोन्हीकडे सारखंच खातो. सरावाला बुडालेला माणूस म्हणून बॉस्कोला पालथा घातला. त्याच्या बरगड्यांना हात लागला की तो खिदळायला लागतो. असा हसरा मुडदा या किनाऱ्यावर आजवर आला नसेल. मग पास्कूला घातला आणि बॉस्कोला दाबायला बसवला, तर तो अशा घाईनं दाबतो की जणू कपडे धुतोय. पास्कू उठून म्हणाला, बुडालो तर मला तसाच राहू द्या.

तुझी मामी बोंबील वाळत घातलेल्या बांबूंखाली बसून हे सगळं बघते आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "मेल्याला उठवतात का जित्याला मारतात?" पण एकही सराव तिनं चुकवलेला नाही.

ती तुला लिहायला सांगणार होती, पण अजून तिची सांजेची प्रार्थना चाललीय. तुला माहीतच आहे, सगळ्या गावाची संपते तेव्हा ती निम्म्यावर असते. एकेक ओळ म्हणजे भरतीची लाट, येते तेव्हा येते. माझं कालवण रोज गार होतं. लग्न झाल्यापासून ऊन कालवण मी फक्त ती माहेरी गेली की खातो.

भिंतीपुढे वाकू नकोस, पाठ दुखेल. आशीर्वाद इथून घे.

तुझा इनासमामा


मुंबई, ५ नोव्हेंबर १९३७

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचताना मी इतकी हसले की प्रोफेसरसाहेबांनी विचारलं, काय झालं. त्यांना पिंपाचं आणि हसऱ्या मुडद्याचं सांगितलं. ते हसले नाहीत, पण त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, तुमचे मामा आणखी काय म्हणतात?

बॉस्कोला सांग, सावकाश. आपण झोपेत श्वास घेतो ना, त्या चालीनं. घाई केली तर हवा आत यायच्या आतच बाहेर ढकलली जाते. आणि माणूस पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, पास्कूची बाटलीसुद्धा. हे कागदावर आहे, पण ती ओळ तुम्ही सगळे मिळून विसराल असं मला वाटतं.

मामीला म्हणावं, ऊन कालवणाची तक्रार माझ्यापर्यंत पोहोचली. तिनं अजिबात घाई करू नये.

तुझी ब्रिजीत


उत्तन, २१ जानेवारी १९३८

प्रिय ब्रिजीत,

आज थट्टा सुचत नाही. मोरवा गावचा बाळा गेला.

मिठागरावर काम करायचा तो. सुकी मासळी न्यायला आला होता, आणि सहज म्हणून पास्कूच्या होडीतून फिरून यायला गेला. परतताना खडकांपाशी होडी उलटली. पास्कू पोहून बाहेर आला. बाळा सापडायला वेळ लागला.

कागदात लिहिलंस तसंच सगळं केलं. पालथा घातला, तोंड वळवलं. आधी बॉस्को बसला, मग मी, मग रघू. मध्ये एकदा त्याच्या तोंडातून उसासा आल्यासारखं झालं. रघू ओरडला, "मामा, जीव हाय, जीव हाय!" पण त्यानंतर काही नाही. काळोख पडेपर्यंत केलं, थांबलो नाही. शेवटी फ्रान्सूआजोबांनीच माझे हात धरून बाजूला केले.

एक सांगतो, बॉस्को फार चांगल्या वळणाचा मुलगा आहे. अंगावर ओले कपडे, दातावर दात आपटतायत, डोळ्यांत पाणी, तरी घंटेनंतर फ्रान्सूआजोबांपासून सुरुवात करून वाळूवरच्या एकेका म्हाताऱ्यापुढे वाकून आशीर्वाद घेऊन आला आणि मग परत बाळाच्या पाठीशी बसला. हल्ली अशी मुलं कुठे आहेत?

बाळाच्या आईला, रखमाबाईला, मीच जाऊन सांगितलं. ती दारातच बसली. मीही तिच्याशेजारी बसलो.

तुझा कागद खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण बाळा उठला नाही, पोरी.

आशीर्वाद.

इनासमामा


मुंबई, २ फेब्रुवारी १९३८

प्रिय मामा,

हे पत्र मी लिहिलं आणि फाडलं, असं पुष्कळ वेळा झालं. आता जे लिहिते ते रागावू नकोस, आणि रागावलास तरी शेवटपर्यंत वाच.

बाळा बराच वेळ पाण्याखाली होता. जगातल्या कोणत्याही डॉक्टरला तो उठवता आला असता असं मी म्हणू शकत नाही. तो उसासा खरा होता की दाबल्यामुळे निघालेली हवा होती, तेही मला माहीत नाही, आणि आता कोणालाच कळणार नाही. हे आधी नीट वाच.

तू लिहिलंस, थांबलो नाही. तू मला खोटं लिहिणार नाहीस. पण मामा, बॉस्को घंटेनंतर आशीर्वाद मागत फिरला, तेव्हा बाळाच्या पाठीवर कोणाचे हात होते?

ते वाचलं आणि मी वाळूत उभी असल्यासारखं मला सगळं दिसलं. घंटा झाली. टोप्या उतरल्या. तुम्ही सगळे उठून उभे राहिलात, रघूसुद्धा. प्रार्थना झाली, मग लहानांनी थोरांचे आशीर्वाद घेतले, मग पुन्हा हात बाळावर. तुला ते थांबणं वाटलंच नाही, कारण आपल्या गावात घंटेला उभं राहण्याला कोणी थांबणं म्हणत नाही. मीही म्हटलं नसतं. कागद पाठवण्याआधी मी तो शब्द न शब्द तपासला होता आणि त्यात उत्तनची घंटा नाही हे माझ्याही डोक्यात आलं नाही, आणि मी तर तिच्याखाली वाढले.

पण विचार कर. होड्या काळोखाच्या आत परततात. खडक वाटेतच आहेत. घंटा त्याच वेळेला होते. आपल्याकडे माणूस बुडाला तर बहुतेक घंटेच्या सुमारालाच बुडणार. तेवढा वेळ श्वास बंद राहिला तर आधीचं सगळं फुकट जातं.

म्हणून हात जोडून सांगते, घंटेच्या वेळी हात सोडू नका. देव समजून घेईल असं मला मनापासून वाटतं. हवं तर फादरना विचार.

आशीर्वाद मागते.

ब्रिजीत


उत्तन, ९ फेब्रुवारी १९३८

ब्रिजीत,

पत्र मिळालं. शेवटपर्यंत वाचलं.

म्हणजे बाळाला आम्ही प्रार्थना करून मारलं, असं तुझं म्हणणं. गोड शब्दांत लिहिलंस, पण तेच लिहिलंस. माझ्या बापानं भर वादळात सुकाणू काखेत धरून घंटेला टोपी काढलेली मी पाहिली आहे. त्या दर्यानं त्याला कधी काही केलं नाही. मुंबईत घंटा ऐकू येत नसेल, किंवा ऐकू येऊनही कोणाला उठावंसं वाटत नसेल. इथे ऐकू येते.

फादरना विचारायला मी परवा जन्मलो नाही. सांजेच्या, देवदूताच्या घंटेला मी बसून राहणार नाही, आणि माझ्या माणसांना बस म्हणणार नाही.

कागद परत पाठवतोय.

इनास


मुंबई, १४ फेब्रुवारी १९३८

मामा,

पाकीट उलटं करून झटकलं. पुन्हा आत हात घालून पाहिलं. कागद निघाला, आशीर्वाद काही निघाला नाही. माझ्या आयुष्यातलं तुझं हे पहिलं पत्र, ज्यात तो नाही.

तू मारलंस असं मी म्हटलं नाही, म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला म्हणू देणार नाही. साहेबांनी उत्तनचं काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, अजून सांगण्यासारखं नाही.

पण एक ऐक. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, वर्षभर रुसलास तरी चालेल. फक्त रोज संध्याकाळी घरी ये. मला भांडायला दुसरा मामा नाही.

कागद पुन्हा पाठवतेय. या वेळी बोंबील बांधलेस तरी चालतील, पण गावातच राहू दे.

ब्रिजीत


उत्तन, २५ ऑगस्ट १९३८

प्रिय ब्रिजीत,

तुझी मधली सगळी पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण राग होता, आणि राग गेला तेव्हा लाज वाटत होती. पावसाळाभर होड्या वर ओढलेल्या, जाळी विणण्यापलीकडे काम नाही. अशा दिवसांत माणूस विचार करतो, इलाज नसतो.

मध्ये रखमाबाईकडे सुके बोंबील घेऊन गेलो होतो. तिनं जेवायला बसवलं. म्हणाली, "तुमी माझ्या बाळासाठी लय केलंत." घरी आलो तो सरळ रघूकडे गेलो आणि त्याच्यावरच ओरडलो. म्हटलं, तू का उठलास त्या दिवशी? तुझी घंटा होती का? रघू बिचारा गोंधळला. म्हणाला, "तुमी सगले उठलात मामा, मी एकटा बसून ऱ्हाऊ? बरं दिसतं का?"

ऐकलंस? आम्ही देवाचा मान ठेवायला उठलो आणि तो आमचा मान ठेवायला उठला. मी तिथेच त्याच्या ओट्यावर बसलो आणि हसू की रडू असं झालं. त्याच्या बायकोनं, सावित्रीनं, पाणी आणून दिलं.

मग आम्ही तिघांनी ठरवलं. घंटा झाली की हात रघूचे, तो दमला तर सावित्रीचे. आम्ही उभे राहू आणि त्यांच्या वाटची प्रार्थनाही आम्हीच करू. त्यांच्या सणाच्या दिवशी ते घरी असतील तर सगळं आमच्याकडे. तू घंटेला बसून राहा म्हणालीस, ते मी मान्य केलेलं नाही, हे लक्षात ठेव. मी उभाच राहणार. पण बुडालेल्याचा श्वास चालू राहील.

परवा मुद्दाम घंटेच्या वेळी सराव केला. सगळा किनारा उभा आणि रघू एकटा बॉस्कोच्या पाठीवर बसलेला. लाजून त्याचे कान लाल झाले. फ्रान्सूआजोबांनी प्रार्थनेच्या मध्येच डोळे वटारले. मी नंतर त्यांना सांगितलं, रघू आमच्या कामावर बसलाय. त्यांनी आशीर्वाद देताना रघूच्याही डोक्यावर हात ठेवला.

आजचा आशीर्वाद घे. फेब्रुवारीतला मात्र मिळणार नाही, तो तू भांडून घालवलास.

तुझा इनासमामा


मुंबई, ४ सप्टेंबर १९३८

माझ्या सोन्यासारख्या मामा,

पत्र घेऊन मी धावतच प्रोफेसरसाहेबांकडे गेले. या वेळी सगळं सांगितलं. घंटा, बाळा, आपलं भांडण, रघूचे लाल कान. ते म्हणाले, "प्रत्येक गावात अशी एखादी घंटा असणार. आपण कोणाला विचारलंच नाही." नवीन कागद छापायला गेलाय. त्यात पहिलंच वाक्य असं आहे: गावातले सगळे लोक हातातलं काम एकदम कधी सोडतात ते आधी विचारा, आणि त्या वेळी हात कोणाचे ते आधीच ठरवा. ते वाक्य तुझं आहे. त्याखाली नाव मात्र साहेबांचं असेल, राग मानू नकोस.

एक शंका आहे, ती लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही. रघू तुझ्याच होडीवर असतो. त्या दिवशी तोच पाण्यात असला तर?

मी आणखी काही म्हणत नाही. एकदा म्हटलं आणि सहा महिने आशीर्वादाविना उपाशी राहिले. तू विचार कर.

फेब्रुवारीतला आशीर्वाद मी सोडलेला नाही.

तुझी ब्रिजीत


उत्तन, १२ जानेवारी १९३९

माझी ब्रिजीत,

अक्षर वेडंवाकडं दिसलं म्हणून घाबरू नकोस. हात माझाच आहे, आणि मी चुलीपाशी बसून, मामीच्या दोन गोधड्या अंगावर घेऊन लिहितोय. आधीच सांगून टाकतो: बुडालो होतो. आता बरा आहे. आता बसून पुढचं वाच.

गेल्या आठवड्यात परतताना खडकांपाशी आमची होडी आडवी झाली. काहीतरी डोक्याला लागलं, आणि तिथे माझी आठवण संपते. पुढचं सगळं ऐकीव आहे, आणि सांगणाऱ्या प्रत्येकाचं वेगळं आहे. मी त्यातल्या त्यात जमवून लिहितो.

मला बॉस्कोनं ओढून काढलं. श्वास नव्हता. त्यानं पालथा घातला आणि दाबायला बसला. रघू शेजारीच वाळूत पडून ओकत होता, त्याला उभंही राहता येईना. सावित्री बाळंतपणाला माहेरी. आणि घंटा झाली.

तू विचारलं होतंस, रघूच पाण्यात असला तर? मी ते ठरवायचं पुढे ढकललं होतं. बॉस्को उठला. त्याला बोल लावू नकोस, लहानपणापासूनची सवय, पाय आपोआप उठले. पास्कूनं टोपी काढली. सगळा किनारा उभा राहिला. रघू माझ्याकडे सरपटत यायला लागला, पण हातातच जोर नव्हता.

तेवढ्यात तुझी मामी आली. जिनं जन्मात एक घंटा चुकवली नाही, आजारपणात सुद्धा भिंतीला धरून उभी राहिली, ती. डोक्यावरची पाटी फेकून, लुगडं खोचून तिनं बॉस्कोला बाजूला लोटलं आणि माझ्या दोन्ही अंगांना गुडघे टेकून पाठीवर हात ठेवले. पास्कू घाबरून म्हणाला, "कातरीन, घंटा होते हाय." ती म्हणाली, "गुडघे टेकलेच हायत ना मी? म्हण प्रार्थना."

आणि तिनंच मोठ्यानं सुरू केली. एका ओळीला पुढे झुकायची, एका ओळीला मागे यायची. बाकीच्यांना काय करावं सुचेना, मग त्यांनीही तिच्यामागून म्हणायला सुरुवात केली. सगळ्या किनाऱ्याची प्रार्थना त्या दिवशी माझ्या पाठीवरून झाली.

आता गंमत बघ. बॉस्को म्हणतो, कागदातलं 'सावकाश' म्हणजे नक्की काय ते मामीचे हात बघून त्याला कळलं. मी आयुष्यभर ज्या सावकाश प्रार्थनेवर कुरकुर केली, ज्या प्रार्थनेनं माझं कालवण गार केलं, तिच्याच चालीवर माझा श्वास चालला. आता कुरकुरायला मला तोंड राहिलं नाही. काल कालवण गारच होतं. मुकाट्यानं खाल्लं.

गावाची प्रार्थना संपली तेव्हा मामी नेहमीसारखी निम्म्यावर होती. ती थांबली नाही. बॉस्कोला वाटलं, मी गेलो. पोर रडत रडत वाळूत वाकलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणालं, "मामा, आशीर्वाद." शेवटचा मागून घ्यावा म्हणून.

माझा हात हलला. पास्कू म्हणतो, नुसती वाळू चाचपली. बॉस्को म्हणतो, दोन बोटं उचलली. मामी म्हणते, आशीर्वादच होता. त्यानंतर मी खोकलो आणि एक शिवी दिली, आणि ती शिवी तिच्या चांगल्या ओळखीची होती. पास्कू बाटली घेऊन धावला, तर तिनं त्याच्या हातावर फटका मारला. तुझी ती ओळ तिला पाठ होती. सबंध गावात दुसऱ्या कोणाला नसेल. एवढ्या गार पाण्यातून आलेल्या माणसाला तुम्ही दोघींनी मिळून एक घोट मिळू दिला नाही, हे मी विसरणार नाही.

घरी मला फळीवर घालून नेलं. पण तू लिहिलं होतंस ना, त्या वाळूवरून उठून स्वतःच्या पायांनी घरी गेलेला माणूस तुला पाहायचाय? म्हणून काल मुद्दाम तिथे गेलो, होतो त्या जागी उभा राहिलो आणि घरापर्यंत चालत आलो. तू नव्हतीस, तेव्हा तुझ्या वतीनं मामीला दारात उभी करून पाहायला लावलं. ती पाहता पाहता रडायला लागली आणि मग मला म्हणाली, टोपी कुठे हरवलीस.

तुझ्या प्रोफेसरसाहेबांना माझा निरोप दे. हात कोणाचे ते आधी ठरवावं हे ठीक, पण ठरवलेला माणूससुद्धा पाण्यात पडतो. म्हणून ज्यांना होडीवर जायचं नसतं त्या सगळ्या बायकांना शिकवावं. मामीनं सुरुवात केलीय. बॉस्को पुन्हा पालथा पडला आहे, आणि आता सात जणी मिळून त्याला गुदगुल्या करतात. तू ये आणि बघ. येताना नवीन कागद घेऊन ये. मोरव्याच्या बाळाचं नाव त्यात कुठे बसत नसेल, पण तू ते मनात ठेवून लिही.

आणि हो, फेब्रुवारीतला आशीर्वाद. तो मीच अडवून ठेवला होता, तुझा काही दोष नव्हता. बुडताना मला काही आठवलं असलं तर ते एवढंच असेल. तो घे, आणि आजचा वेगळा घे.

आता घंटा होतेय. मामी उभी राहून हाक मारते. प्रार्थनेला जातो, पण आधी एकदा किनाऱ्यावर नजर टाकून, पाण्यात कोणी नाही ना ते बघून.

तुझा इनासमामा